पलंगावरून उठलेली पाठ

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. त्याने उसण उतरो न उतरो, पाय लागला की माणूस उठायचा आणि जपून का होईना, हिंडू-फिरू लागायचा. दवाखान्यात मात्र दुखऱ्या पाठीला शंभरेक वर्षं एकच सल्ला मिळत गेला: पडून राहा.

लंडनचे सर्जन जॉन हिल्टन यांची वेदना आणि विश्रांतीवरची व्याख्यानं 1863 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि पुढच्या पिढ्यांनी ती प्रमाण मानली. 1934 मध्ये बोस्टनच्या विल्यम मिक्सटर आणि जोसेफ बार यांनी मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली जाते, हे दाखवून दिलं. शोध खरा होता, मोलाचा होता. पण थोड्या रुग्णांचं निदान हळूहळू सगळ्यांच्याच पाठीला चिकटलं. ‘गादी सरकलीय’, ‘मणक्यात गॅप आहे’ असं एकदा कानावर पडलं की माणूस वाकताना श्वास रोखतो, पाण्याची बादली उचलायला दुसऱ्याला हाक मारतो. न वापरलेले स्नायू ढिले पडतात, मग थोड्या श्रमानेही दुखतं आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते.

हे चक्र तोडायचा पहिला नेटका प्रयत्न सिएटलमध्ये झाला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस काम करत होते. ते मानसशास्त्रज्ञ होते. रुग्ण कण्हला की नर्स धावते, गोळी मिळते, व्यायाम थांबतो. म्हणजे कण्हण्याच्या पदरात काहीतरी पडतं, हे त्यांनी हेरलं. त्यांनी क्रमच उलटा केला. औषध दुखण्याप्रमाणे न देता घड्याळाप्रमाणे द्यायचं. व्यायामाचंही तसंच. रुग्ण दहा वेळा पाय उचलून थांबत असेल, तर त्याला आठचं लक्ष्य द्यायचं. आठ झाले की विसावा आणि शाबासकी, दुखलं तरी आणि न दुखलं तरी. मग आकडा थोडा थोडा वाढवायचा. ‘दुखेल तिथे थांबा’ या नियमाची जागा साध्या मोजणीने घेतली. माझ्या मते पाठदुखीच्या इतिहासातलं हे सर्वांत शहाणपणाचं वळण आहे. मात्र यावरून कुणी रुग्णाला ‘तुझं दुखणं मनाचं आहे’ असं सुनावलं, तर तो चिडतो आणि त्याचं चिडणं रास्तच आहे. दुखणं खरंच असतं.

1987 मध्ये ग्लासगोचे अस्थिरोगतज्ज्ञ गॉर्डन वॉडेल यांनी पाठदुखीकडे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही अंगांनी पाहायला हवं, असं मांडलं. सर्जनच हे म्हणतोय म्हटल्यावर त्याला वजन आलं. पलंगाची परीक्षा आधीच सुरू झाली होती: 1986 मध्ये टेक्सासमधल्या 203 रुग्णांपैकी काहींना दोन दिवस, काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या रजा 45 टक्क्यांनी कमी भरल्या. 1995 मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवर आणखी एक प्रयोग झाला. एका गटाला दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तिसऱ्याला एवढंच सांगितलं की सोसेल तितकी रोजची कामं करत राहा. हा तिसरा गट सर्वांत आधी सावरला, पलंगावरचा सर्वांत उशिरा. नव्या दुखण्यात शिकवलेल्या व्यायामापेक्षाही नेहमीचा वावर सरस ठरला, हे फिजिओथेरपीने मोकळेपणाने स्वीकारायला हवं. तिची खरी गरज लागते ती दुखणं मुरल्यावर, भीती अंगात भिनल्यावर.

त्या भीतीसाठी नेदरलँड्समध्ये योहान व्लायेन आणि सहकाऱ्यांनी शतकाच्या वळणावर वेगळीच तपासणी वापरली. रुग्णाच्या हाती रोजच्या हालचालींच्या फोटोंची गड्डी द्यायची. समोर शून्य ते शंभर अंशांचा ‘भीतीचा थर्मामीटर’. ज्या हालचालीने पाठीला जितका धोका वाटतो, तितक्या अंशावर तो फोटो ठेवायचा. कंबरेत वाकून फावड्याने माती ओढणारा माणूस अनेकांच्या हातून वरच्या टोकाला जातो. उपचार तळाच्या फोटोपासून सुरू होतो: थेरपिस्ट ती हालचाल आधी स्वतः करून दाखवतो, मग रुग्ण करतो. काय होईल असं वाटलं होतं आणि झालं काय, हे दोघं ताडून पाहतात. फोटो खाली सरकतो आणि पुढचा हातात घेतला जातो.