अंजना आटली ती कलियुगामुळं का?



परवा पारावर अंजना नदीचा विषय निघाला. एक म्हातारबाबा म्हणाले, "नद्या आटणार हे पुराणातच लिहिलंय. कलियुग आहे, आपल्या हातात काय?" मी तिथं गप्प बसलो, पण घरी येऊन हिशोब मांडला.

ब्रह्मवैवर्त पुराणात सांगितलंय की, कलियुगाची ५००० वर्षं भरली की गंगा पृथ्वी सोडून जाईल. पंचांगाप्रमाणं कलियुग लागलं इसवी सनापूर्वी ३१०२ ला. म्हणजे ५००० वर्षं भरली १८९९ साली. नेमका त्याच साली पाऊस हुकला अन् संवत १९५६ चा, म्हणजे छप्पनचा मोठा दुष्काळ पडला. तेव्हाच्या माणसाला भाकीत खरं वाटलं असेल तर नवल नाही. पण गंगा आजही वाहती आहे.

तिकडं इराक-सीरियात फरात नदी आटली की मुसलमान हदीसमधलं अन् ख्रिस्ती बायबलमधलं भाकीत काढतात. पण १९९० च्या जानेवारीत तुर्कस्ताननं अतातुर्क धरण भरायला तिचं पाणी महिनाभर अडवलं होतं. ते माणसाचंच काम.

आता आपलं बघा. छप्पनला अन् १९७२ ला पाऊसच नव्हता. आज पाऊस पडतो, नदीला पूर येतो, तरी संक्रांतीला पात्र कोरडं. मी पोरगा होतो तेव्हा होळीपर्यंत धार असायची.

आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरतं ते वरच्या मुरमात अन् फटीत. पावसाळा सरल्यावर नदी वाहते ती याच झिरप्यावर. १९७२ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी बोअरच्या मशिनी आल्या, मागून त्या आपल्या वावरात शिरल्या. वरचा झिरपा खाली ओढला गेला, मग नदीला काय उरणार? पाणी धरून ठेवणारी वाळू आपण उपसली. अंजनेवर पळशीचं धरण आहे, त्यानंही वाहतं पाणी अडतं.

दुसऱ्याला कशाला बोलू? मी तीन बोअर घेतले, शेवटचं ४०० फूट. भूजल कायदा शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली जाऊ नका म्हणतो. माझी अद्रक वाचली, पण आजोबांनी खोदलेल्या ४५ फुटी विहिरीचा झरा तुटला. तो काही कलियुगानं तोडला नाही.

भेंडवळची घटमांडणी मीही दर अक्षय तृतीयेला ऐकतो. तिच्यात पाऊस किती पडेल ते सांगतात. पडलेलं पाणी कुठं गेलं, हे आपल्यालाच बघावं लागतं.

यंदा तिसरं बोअर बंद ठेवलंय, अद्रक अर्ध्यावर आणली. तुम्ही एवढंच करा: तुमच्या शिवारात नदीची धार कोणत्या तारखेला तुटली अन् विहिरीत किती फुटांवर पाणी आहे, ते वहीत लिहा. पाच वर्षांनी पारावर ती वही वाचू.