पायानं मोजलेला इतिहास

मी गिरणीत सूत जोडतो. पाथर्डीत पेठेतून आमच्या वस्तीला चालत पंधरा मिनिटं. तेवढंच अंतर मला ठाऊक. मग एसटीनं मुंबई गाठली आणि परळ पायी पालथं घातलं.

पोयबावडीची बीआयटी चाळ. बाबासाहेब इथं १९१२ ते १९३४ राहिले. भोवती गिरण्या, आता तिथं टॉवर. आपली माणसं सूतखात्यात राबायची. जादा पगाराच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामाला, बंदी. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. आपल्या थुंकीनं धागा बाटतो म्हणे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला. एकाच भोंग्याला उठणारे कामगार, पण धाग्यानं तोडलेले.

पुढं याच परळमध्ये १० जानेवारी १९७४ ला पँथरच्या मोर्चावर वरून पाटा पडला. भागवत जाधव गेला.

तिथून दादरची हिंदू कॉलनी, राजगृह. झाडं, सावली, शांतता. मला तासभर लागला. बाबासाहेबांना बावीस वर्षं लागली.

पाथर्डीला परतून पुन्हा पेठ ते वस्ती चाललो. पंधरा मिनिटंच. पण ही वाट किती वर्षांची? तुम्हीही आपापल्या गावात चाला. मोजा. लिहा.