पात्र कुणाचं? फाशांचं की खेळणाऱ्याचं?

आज राजकारण बाजूला ठेवून एका खेळाचा इतिहास. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, खेळ चालवणारा गोष्ट रचतो, निकाल फाशांवर. एकेक पात्र वर्षानुवर्षं चालतं, त्यामुळे जीव गुंततो.

१९७९ च्या नियमपुस्तकात एक शापित शिरस्त्राण आहे. डोक्यावर घातलं की सज्जन पात्र कायमचं दुर्जन. आणि मग त्याला परत सज्जन व्हायचंच नसतं! एक शापित पट्टा पुरुषाची स्त्री, स्त्रीचा पुरुष करायचा. हे चालेल का, असं खेळणाऱ्याला विचारायचा प्रश्नच नव्हता.

२०१४ च्या आवृत्तीत रूप बदलायचा नेहमीचा मंत्र जास्तीत जास्त तासभर टिकतो. कायमचं बदलणारा मंत्र आहे, पण सर्वांत वरच्या पातळीचा. २०२० च्या पुस्तकाने तर सांगितलं, खेळाआधी एक बैठक घ्या, कुणाला काय चालणार नाही ते ठरवा.

माझं मत विचाराल तर शाप काढून टाकू नयेत. कायमचं काही बिघडणारच नसेल तर जपून पाऊल टाकेल कोण? पण धोक्याची चाहूल आधी लागली पाहिजे. आणि शाप लागल्यावर उतारा शोधायचा, तसंच खेळायचं की नवं पात्र घ्यायचं, हे ज्याचं पात्र त्यानेच ठरवावं. चालवणाऱ्याच्या हाती सगळी सूत्रं असतात, म्हणून तर विचारायची जबाबदारीही त्याचीच.

तुम्हाला काय वाटतं?