जुन्या पद्मिनीत सीट बेल्ट बसवायचाय? पट्ट्याआधी पत्रा तपासा

३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे बाद झाली. पण हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी अजून धावतायत. इंजिन खोललं जातं, रंग होतो, बंपरला क्रोम चढतं. सीट बेल्टचा विचार मात्र अनेकदा सगळ्यात शेवटी होतो. आणि तो बसवताना होणारी एक चूक जिवावर बेतू शकते.

जुन्या पद्मिनीत बेल्ट का नसतो?

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती बनायची. १९६४ मध्ये '११०० डिलाइट' आली आणि १९७४ मध्ये तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन-पॉइंट बेल्ट व्हॉल्वोच्या निल्स बोलिन या इंजिनियरने १९५९ मध्येच आणला होता. व्हॉल्वोने त्याचं पेटंटही इतर कंपन्यांना खुलं केलं. भारतात मात्र नव्या गाड्यांना पुढच्या सीटसाठी बेल्ट देणं १९९४ मध्ये बंधनकारक झालं. त्यामुळे त्याआधीच्या अनेक पद्मिनींत बेल्ट नाही आणि तो अडकवायला मजबूत केलेली जागाही नाही.

बेल्टवर किती जोर येतो?

साधा हिशोब बघा. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी आदळली आणि ७० किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर त्याला थांबवायला सरासरी १,४०० किलो वजनाएवढा जोर लागतो. हा सगळा जोर पट्ट्यातून बोल्टवर आणि बोल्टमधून पत्र्यावर जातो. पट्टा नवाकोरा असला तरी मागचा पत्रा फाटला, तर बेल्ट बोल्टसकट उपटून येतो.

पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे फ्लोअर आणि दरवाजाखालची पट्टी गंजली असेल, तर आधी तेच काम करावं लागतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या गाडीत तर हमखास तपासा. मॅट उचला, स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा टोचून बघा. रंगाखाली नुसती पुट्टी निघाली, तर तिथे बेल्ट बसवू नका.

कोणता बेल्ट घ्यायचा?

• कमरेचा दोन-पॉइंट बेल्ट: बसवायला सोपा, पण छाती आणि डोकं मोकळंच राहतं. जुन्या गाड्यांत समोर कडक स्टीअरिंग असतं, एअरबॅग नसते. त्यामुळे पुढच्या सीटसाठी हा पुरेसा नाही.

• साधा तीन-पॉइंट बेल्ट: यात रीळ नसतं, लांबी हाताने जुळवावी लागते. जागा कमी लागते, जुन्या गाडीत शोभतोही. पण सैल ठेवला तर उपयोग नाही.

• रीळवाला तीन-पॉइंट बेल्ट: आजच्या गाड्यांत असतो तसा. एरवी सैल सुटतो, झटका बसला की लॉक होतो. रोजच्या वापराला हाच सोयीचा. मात्र रीळ कंपनीने सांगितलेल्या कोनातच बसवावं लागतं. कोन चुकला तर ते सतत अडकतं किंवा ऐन वेळी लॉक होत नाही.

भंगारातल्या गाडीचा बेल्ट स्वस्त मिळतो, पण घेऊ नका. ती गाडी अपघातातली असू शकते आणि एकदा ताण खाल्लेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो. उन्हानेही पट्ट्याचे धागे कमजोर होतात. नवा घेताना त्यावर मानकाचा शिक्का आहे का ते बघा. गोलात 'ई' आणि आकडा असलेला शिक्का संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार मान्यता मिळाल्याची खूण असतो.

बसवताना काय बघायचं?

वरचा पॉइंट दोन दरवाजांमधल्या खांबावर, खांद्याच्या उंचीला किंवा थोडा वर हवा. तो खांद्याच्या खाली असेल, तर धडकेत पट्टा खांदा खाली ओढतो आणि मणक्यावर ताण येतो. खालचे दोन पॉइंट असे हवेत की पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसेल.

पद्मिनीत पुढे सलग बाकासारखी सीट असते. म्हणून बकलचा पॉइंट सीटखाली किंवा सीटच्या मागे फ्लोअरवर घ्यावा लागतो. सीट हलत असेल तर तिचे बोल्टही आधी घट्ट करून घ्या.

नुसतं भोक पाडून नट-वायसर लावणं ही सगळ्यात मोठी चूक. पत्र्याच्या मागून जाड पोलादी प्लेट हवी, म्हणजे जोर मोठ्या भागावर पसरतो. अंदाज यावा म्हणून, मोटरस्पोर्टमधले एफआयएचे नियम अशी प्लेट किमान ३ मिमी जाड आणि ४० चौरस सेंमीची मागतात. बोल्टही सीट बेल्टसाठीचेच वापरा, ते सहसा ७/१६ इंची असतात.

भोक पाडण्याआधी खालून ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि वायरिंग कुठून जातंय ते बघा. वेल्डिंग अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

कायदा काय सांगतो?

गाडीत नियमानुसार बेल्ट दिलेला असेल, तर तो लावणं बंधनकारक आहे. न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १,००० रुपये दंड होतो.

५० वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर वेगळा प्रश्न येतो. २०२१ च्या नियमांनुसार अशी गाडी मूळ रूपात असावी लागते. म्हणून भोक पाडण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि कामाचे फोटो, बिलं जपून ठेवा.

काम झाल्यावर

पट्टा हाताने झटकन ओढा, तो लगेच अडकला पाहिजे. मग मोकळ्या जागी, मागे कुणी नसताना, अगदी कमी वेगात ब्रेक दाबून रीळ लॉक होतंय का बघा. महिनाभराने सगळे बोल्ट पुन्हा तपासा. पुढे दर पावसाळ्यानंतर प्लेटभोवती गंज धरलाय का, हेही बघत राहा.