गादीखालची बाज

पलंग घ्यायला गेलं की दुकानदार आधी गादीवर बसवतो. दाबून बघा, म्हणतो. मी हल्ली गादी उचलायला सांगते. बहुतेक ठिकाणी खाली प्लायवूडची सपाट फळी निघते आणि मला आजीची बाज आठवते.

चार खूर, त्यांत बसवलेली चार गाती आणि मधे विणलेली अंबाडीची दोरी, एवढीच ती बाज. आमच्या गावात दोरी मातंगवाड्यातून यायची. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वळली त्यांच्या वाट्याला बलुत्याचं धान्य आणि गावकुसाबाहेरची जागा आली, हेही बाजेच्या इतिहासात लिहिलं पाहिजे. विणायच्या आधी दोरी भिजत टाकत, म्हणजे ती मऊ पडते आणि हात सोलवटत नाहीत. आजोबा गात्याला पाय लावून दोरी ओढायचे, आजी समोरून एकेक फेरा वर-खाली घालून ठोकून बसवायची. वीण तिरपी, त्यामुळे अंगाचा भार एका दोरीवर न पडता चारही गात्यांवर वाटला जायचा. पायगतीला वीतभर जागा मोकळी सोडून तिथे जाड दोर नागमोडी ओवलेला असे. बाज पोटाला सैल पडली की आजी खाली बसून त्या दोराचा एकेक वेढा ओढत जायची. मग विणीवर तळहात मारून आवाज ऐकायची. फार ताठ झाली तर एक वेढा सोडायची, कारण ताठ बाजेवर कंबर अवघडते, असं ती सांगायची.

१३३३ मध्ये सिंधू नदीवर पोचलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता पुढे दौलताबादेलाही आला होता. हिंदुस्थानातल्या खाटेबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. एकट्या माणसाला उचलून नेता येईल इतकी हलकी, निमुळते चार पाय, चार आडव्या लाकडांवर रेशमाचं किंवा सुताचं विणकाम. ती मुळातच लवते, मऊपणासाठी तिच्यावर वेगळं काही घालावं लागत नाही, हेही त्याने टिपलं. मला हा मुद्दा सगळ्यांत मोलाचा वाटतो. लवणं हे तळाचं काम होतं. गादी असली तर ऊब देण्यापुरती.

माझ्या आईची बाळंतपणं याच बाजेवर झाली. न्हाणं झालं की बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या. धुरी विणीतून वर यायची. आज डॉक्टर तो धूर नको म्हणतात आणि योग्यच सांगतात. पण ज्या तळातून धूर वर येतो त्यातून वाराही खेळतो, घाम सुकतो.

वाड्यांतल्या पलंगांना नवार असे. सुताची रुंद पट्टी, चटईसारखी उभी-आडवी घातलेली, सोडवून धुता येणारी. तिच्यावर पिंजाऱ्याने धुनकीवर पिंजलेल्या कापसाची गादी. लोखंडी खाट आली तेव्हा लाकडाच्या सांध्यांत माजणाऱ्या ढेकणांचा जाच बराच कमी झाला. तिची तारेची जाळी दोन्ही टोकांना छोट्या स्प्रिंगांनी ताणलेली असे. काही वर्षांत तिची झोळी व्हायची आणि आवळायला पायगतीचा दोर नसायचा.

तिकडे कॅनडात जेम्स मार्शलने १९०० च्या सुमाराला प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या खिशात शिवून गादीतच घातली. लवचिकता तळातून निघून वर गादीत आली. १९५७ मध्ये जर्मनीतल्या लॅटोफ्लेक्सने बाकदार लाकडी पट्ट्यांचा लवणारा तळ बाजारात आणला आणि ती काही अंशी पुन्हा खाली गेली. आपल्याकडे मात्र फ्लॅटच्या खोल्या आखूड झाल्या, रजया-स्वेटर ठेवायला जागा हवी झाली आणि बॉक्सचा पलंग घरोघर बसला. मीही घेतला. दुकानदाराने फळीला एक भोक पाडलं नव्हतं. पहिल्याच श्रावणात गादीच्या पोटाला हिरवी बुरशी धरली, ती गादी टाकून द्यावी लागली.

या खेपेला मी तळ आधी निवडला. बीचच्या पट्ट्या, मधे किंचित उंचावलेल्या, टोकांना रबरी खोबण्या. दोन पट्ट्यांमध्ये माझी तीन बोटं जातात. चार बोटं गेली असती तर घेतला नसता, कारण फोमची गादी फटीत उतरते. कंबरेखालच्या पट्ट्या दुहेरी आहेत आणि त्यांवर सरकत्या कड्या. कड्या बाहेर सरकवल्या की तळ कडक, मधे आणल्या की सैल. दुकानात मी जमिनीवर बसून त्या सरकवत होते, पुन्हा पुन्हा आडवी होऊन बघत होते. विक्रेता मुलगा अवघडून उभा होता. त्याला मी आजीच्या दोराबद्दल सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, आमच्याही गावी आहे बाज, आजोबा अजून तिच्यावरच निजतात.

आमची बाज गच्चीवर आहे. तिच्यावर कुरडया वाळतात. पायगतीचा दोर या उन्हाळ्यात बदलायला हवा.