पान सोडायचे का? ब्राउझर पुन्हा पुन्हा खात्री का करून घेतो?

अर्धा तास खर्चून लांबलचक ऑनलाइन अर्ज भरला आणि चुकून टॅबच्या फुलीवर क्लिक झाले, तर ब्राउझर एक छोटी चौकट उघडतो: पान सोडायचे का? केलेले बदल जतन होणार नाहीत. अशा वेळी ही चौकट देवासारखी धावून येते. पण काहीही लिहिलेले नसताना ती दिवसातून दहा वेळा उगवली, की बोट न वाचताच 'होय'वर जाते. मग ज्या दिवशी खरोखर थांबायला हवे, त्या दिवशीही ते थांबत नाही.

पान सोडतानाच्या चौकटीमागे 'बिफोरअनलोड' नावाची सोय आहे. १९९०च्या दशकात मायक्रोसॉफ्टने ती इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आणली आणि पुढे इतर ब्राउझरांनीही घेतली. चौकटीतला मजकूर तेव्हा वेबसाइटला स्वतः लिहिता येत असे. त्याचा गैरफायदा घेतला गेला नसता तरच नवल! 'थांबा, ही सवलत सोडू नका' इथपासून 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' इथपर्यंत काहीही त्यात झळकू लागले. शेवटी फायरफॉक्सने २०११मध्ये (आवृत्ती ४) आणि क्रोमने २०१६मध्ये (आवृत्ती ५१) वेबसाइटचा मजकूर दाखवणे बंद केले. २०१७पासून तर क्रोममध्ये वापरकर्त्याने पानावर काहीच केले नसेल, तर ही चौकट येतच नाही. आजची चौकट इतकी मोघम बोलते ती यामुळेच. नेमके काय वाया जाणार आहे, हे प्रामाणिक वेबसाइटलाही आता तिथे सांगता येत नाही.

दुसरी नेहमीची चौकट रिफ्रेश केल्यावर येते: फॉर्म पुन्हा पाठवायचा का? भरलेली माहिती सर्व्हरकडे पाठवल्यानंतर जे पान दिसते, ते रिफ्रेश करणे म्हणजे तीच माहिती दुसऱ्यांदा पाठवणे. ती साधी शोधाशोध होती की पैसे भरणे होते, हे ब्राउझरला कळत नाही, म्हणून तो विचारतो. यावरचा उपाय वेबसाइट बनवणाऱ्याच्या हातात असतो. माहिती मिळताच सर्व्हरने ब्राउझरला दुसऱ्या पानावर पाठवले, की रिफ्रेश निर्धोक होते आणि प्रश्नच उरत नाही. पैसे भरताना ही चौकट आलीच, तर 'रद्द करा' दाबून आधी बँक खाते तपासणे शहाणपणाचे.

सूचना पाठवण्याची परवानगी मागणाऱ्या चौकटींचे काय होते, हे मोझिलाने २०१९मध्ये तपासले. सुमारे ९९ टक्के वेळा परवानगी मिळालीच नव्हती, ४८ टक्के वेळा तर ती स्पष्टपणे नाकारली गेली होती. जानेवारी २०२०मधल्या फायरफॉक्स ७२पासून वापरकर्त्याने पानावर काही केल्याशिवाय ही चौकट उघडत नाही. क्रोमनेही त्याच वर्षी परवानगी मागण्याची एक शांत पद्धत आणली.

सुरक्षेच्या इशाऱ्यांत मात्र सवय महागात पडते. देवदत्त आखवे आणि एड्रिएन पोर्टर फेल्ट यांच्या २०१३च्या अभ्यासात, सुरक्षित जोडणीचा इशारा ओलांडून पुढे जाण्याचे प्रमाण क्रोममध्ये सुमारे ७० टक्के, तर फायरफॉक्समध्ये ३३ टक्के आढळले. ही तुलना सरळ नाही, कारण फायरफॉक्समध्ये पुढे जायला जास्त क्लिक लागत आणि एकदा दिलेली सूट लक्षात ठेवली जाई. घातक सॉफ्टवेअर आणि फिशिंगचे इशारे मात्र चौथा हिस्सासुद्धा लोकांनी ओलांडले नव्हते. म्हणजे लोक सरसकट बेफिकीर नसतात. इशारा कशाचा आहे आणि तो कसा मांडला आहे, यावर बरेच अवलंबून असते.

जेफ रास्किन यांनी 'द ह्यूमेन इंटरफेस' (२०००) या पुस्तकात प्रश्न विचारण्याऐवजी कृती मागे घेण्याची सोय द्यावी, असे मांडले होते. बंद केलेला टॅब 'कंट्रोल-शिफ्ट-टी' दाबून परत आणता येतो, ही तशीच सोय. २०२१च्या फायरफॉक्स ९४नेही ब्राउझर बंद करतानाचा इशारा बहुतेक वेळा दाखवणे सोडून दिले. पण पाठवलेले पैसे किंवा कायमचा पुसलेला साठा असा परत येत नाही. तिथे विचारावेच लागते, फक्त 'होय-नाही'ऐवजी बटणावर 'पुसून टाका' आणि 'राहू द्या' असे लिहिलेले बरे. गिटहबवर एखादा प्रकल्प पुसायचा, तर त्याचे नाव स्वतः टाइप करावे लागते. ते करताना बोटांना नुसत्या सवयीवर जाता येत नाही.