स्टॅटिन

स्टॅटिन : रक्तातील कोलेस्टेरॉल, विशेषतः एलडीएल कोलेस्टेरॉल, कमी करणाऱ्या औषधांचा वर्ग. अॅटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन ही त्यातील प्रमुख औषधे असून भारतात पहिल्या दोहोंचा वापर सर्वांत जास्त आहे. ती गोळीच्या रूपात, बहुधा दिवसातून एकदा घेतात. रुग्णाच्या तोंडी ही ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ असते. मात्र ती देण्याचा खरा हेतू हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टाळणे हा आहे.

कार्यपद्धती : शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल आहारातून येत नाही, ते शरीरच तयार करते. त्यामुळे अंडी-मांस न खाणाऱ्यांचेही कोलेस्टेरॉल वाढलेले आढळते. यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल अनेक टप्प्यांनी बनते आणि त्यातील कळीच्या टप्प्यावर एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर (एंझाइम) काम करते. स्टॅटिनच्या रेणूचा एक भाग या विकराच्या नेहमीच्या द्रव्यासारखा असल्याने तो त्याची जागा अडवतो आणि निर्मिती मंदावते. कोलेस्टेरॉलची चणचण भासू लागली की यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावरील एलडीएल-ग्राहींची (रिसेप्टरांची) संख्या वाढवते. हे ग्राही रक्तातील एलडीएल कण ओढून घेतात. रक्तातील पातळी उतरते ती मुख्यतः या दुसऱ्या पायरीमुळे. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी हे ग्राही शोधले. त्यांना १९८५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्याने ज्यांच्यात हे ग्राही जवळजवळ नसतातच, अशा रुग्णांना स्टॅटिनचा फारसा उपयोग होत नाही.

शोध : जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो (१९३३–२०२४) हे या औषधांचे जनक. टोकियोतील सांक्यो कंपनीत १९७१ साली त्यांनी बुरशी व इतर सूक्ष्मजीवांतून कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य शोधायला सुरुवात केली. सुमारे ६,००० वाण तपासल्यावर, १९७३ मध्ये, क्योटोतील एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळाच्या नमुन्यावरील निळसर-हिरव्या बुरशीत ते सापडले. पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतील हे द्रव्य पुढे कॉम्पॅक्टिन किंवा मेव्हास्टॅटिन म्हणून ओळखले गेले. उंदरांना ते दिले तेव्हा रक्तातील कोलेस्टेरॉल उतरलेच नाही आणि संशोधन गुंडाळले जाण्याची वेळ आली. एंडो यांचे सहकारी कितानो यांच्याकडे दुसऱ्या प्रयोगासाठी अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर, तेव्हा कोंबडीच्या रक्तातही ते भरपूर असणार, असा एंडो यांचा तर्क होता. या कोंबड्यांना १९७६ मध्ये औषध खाऊ घातल्यावर महिनाभरात त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आले आणि औषधाला जीवदान मिळाले. ओसाका येथील डॉक्टर अकिरा यामामोतो यांनी १९७८ मध्ये आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीच्या रुग्णांवर ते प्रथम वापरले. पहिल्या तरुण रुग्णाला मोठ्या मात्रेमुळे स्नायूंची दुर्बलता आली आणि मात्रा कमी केल्यावर ती गेली. स्टॅटिनचा गुण आणि दोष असे एकाच वेळी समोर आले.

कुत्र्यांवरील दीर्घकालीन चाचण्यांत शंकास्पद निष्कर्ष दिसल्याने सांक्योने १९८० मध्ये कॉम्पॅक्टिनचा विकास थांबवला. दरम्यान अमेरिकेतील मर्क कंपनीने अॅस्परजिलस टेरियस या बुरशीतून लोव्हास्टॅटिन मिळवले होते. ते १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले स्टॅटिन ठरले. त्यानंतर सिम्व्हास्टॅटिन व प्राव्हास्टॅटिन आले. पार्क-डेव्हिस कंपनीत ब्रूस रॉथ यांनी १९८५ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेले अॅटोर्वास्टॅटिन १९९७ पासून बाजारात आले आणि जगात सर्वाधिक खपलेल्या औषधांत गणले गेले. रोसुवास्टॅटिनला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. एंडो यांना २००८ मध्ये लास्कर पुरस्कार देण्यात आला.

उपयुक्ततेचा पुरावा : कोलेस्टेरॉल उतरवल्याने माणूस जास्त जगतो का, याविषयी १९९४ पर्यंत वैद्यकात वाद होता. त्या वर्षी स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे साडेपाच वर्षांत निव्वळ दिखाऊ (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपैकी २५६, तर सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२ जण दगावले होते. ब्रिटनमधील २०,५३६ व्यक्तींच्या चाचणीने (२००२) आणखी एक गोष्ट दाखवून दिली : जोखीम मोठी असेल, तर सुरुवातीचे कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसतानाही स्टॅटिनचा फायदा होतो. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार एलडीएल दर डेसिलिटरमागे सुमारे ३९ मिग्रॅ. ने उतरले, की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात.

कोणाला द्यावे : हृदयविकाराचा झटका किंवा रक्ताच्या गुठळीमुळे पक्षाघात येऊन गेला आहे, अँजिओप्लास्टी वा बायपास झाली आहे, अशा बहुतेक सर्वांना स्टॅटिन दिले जाते. चाळिशीपुढील बहुतेक मधुमेही आणि आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढ असलेल्या व्यक्ती यांनाही ते देतात. इतरांबाबत वय, रक्तदाब, तंबाखू, मूत्रपिंडाचे विकार आणि कमी वयातील हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास यांवरून जोखीम ठरवतात. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एलडीएल सर्वसाधारणपणे १०० च्या खाली, मोठी जोखीम असल्यास ७० च्या खाली आणि अतिजोखमीच्या रुग्णांत ५५ मिग्रॅ. च्या खाली असावे. त्यामुळे लॅबच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून आलेला आकडा हृदयरुग्णासाठी पुरेसा असेलच असे नाही. गलग्रंथीचे (थायरॉइडचे) काम मंदावल्यानेही कोलेस्टेरॉल वाढते, म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी ती शक्यता तपासणे इष्ट असते.

मात्रा व सेवन : अॅटोर्वास्टॅटिन ४० ते ८० मिग्रॅ. किंवा रोसुवास्टॅटिन २० ते ४० मिग्रॅ. या मात्रेने एलडीएल निम्म्याने किंवा अधिक उतरते. अॅटोर्वास्टॅटिन १० ते २० अथवा रोसुवास्टॅटिन ५ ते १० मिग्रॅ. ने ३० ते ४९ टक्के घट होते. मात्रा दुप्पट केली, तरी जास्तीची घट सुमारे ६ टक्केच मिळते. म्हणून गरज पडल्यास मात्रा वाढवत न नेता एझेटिमाइबसारखे दुसरे औषध जोडतात. आशियाई वंशाच्या लोकांत, भारतीयांतही, रोसुवास्टॅटिनची रक्तातील पातळी गोऱ्या लोकांच्या सुमारे दुप्पट होत असल्याने ते ५ मिग्रॅ. पासून सुरू करण्याची शिफारस आहे. सिम्व्हास्टॅटिन शरीरात थोडाच वेळ टिकते आणि कोलेस्टेरॉलची निर्मिती रात्री अधिक होते, म्हणून ते रात्री घ्यावे लागते. अॅटोर्वास्टॅटिन व रोसुवास्टॅटिन कोणत्याही वेळी चालतात, मात्र वेळ रोजची एकच ठेवावी. औषध सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करून परिणाम पाहतात.

दुष्परिणाम : सर्वाधिक तक्रार असते ती अंगदुखीची आणि पोटऱ्या-मांड्या भरून येण्याची. त्यातील बरीचशी दुखणी मात्र औषधामुळे नसतात. इंग्लंडमधील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आळीपाळीने एक महिना स्टॅटिन, एक महिना दिखाऊ गोळी आणि एक महिना काहीच नाही असे वर्षभर ठेवले. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास दिखाऊ गोळीवरही जाणवला. याचा अर्थ दुखणे खोटे असते असा नव्हे. पण गोळी कायमची बंद करण्याआधी मात्रा कमी करून किंवा दुसरे स्टॅटिन देऊन पाहता येते.

स्नायूंचे गंभीर विघटन क्वचित होते, पण ते जीवघेणे ठरू शकते. सेरिव्हास्टॅटिन हे औषध याच कारणाने २००१ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. दुखण्याबरोबर कमालीचा अशक्तपणा आणि चहाच्या रंगाची लघवी ही स्नायूंच्या विघटनाची लक्षणे असून अशा वेळी गोळी थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. यकृतातील विकरांची पातळी काहींमध्ये वाढते, पण यकृताला गंभीर इजा विरळा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत तो थोडा लवकर उघड होऊ शकतो. तुलनेसाठी एक हिशेब उपयोगी पडतो : १०,००० हृदयरुग्णांनी प्रभावी मात्रेत पाच वर्षे स्टॅटिन घेतल्यास सुमारे १,००० जणांचा झटका, पक्षाघात यांसारखा मोठा प्रसंग टळतो, तर मधुमेहाचे ५० ते १०० आणि स्नायूंच्या आजाराचे सुमारे ५ नवे रुग्ण निघतात. पूर्वी हृदयविकार नसलेल्यांत फायदा याच्या साधारण निम्मा असतो. जोखीम जितकी कमी, तितका तो आणखी घटतो.

सावधगिरी : क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, सायक्लोस्पोरिन या औषधांबरोबर काही स्टॅटिनांची रक्तातील पातळी धोकादायक वाढू शकते. ग्रेपफ्रूटच्या रसाने सिम्व्हास्टॅटिन व अॅटोर्वास्टॅटिन यांच्याबाबत असेच होते. त्याच जातकुळीतील पपनसातही तशी द्रव्ये असतात, म्हणून त्याबाबतही सावध राहावे. गर्भधारणेचा विचार असलेल्या व गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना सांगून औषध बहुधा बंद करायचे असते. स्तनपान करतानाही ते टाळतात.

भारतातील वापर : अॅटोर्वास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मूळ कंपन्यांची पेटंटे संपल्याने जेनेरिक स्टॅटिने स्वस्त झाली असून जनऔषधी केंद्रांतही मिळतात. अँजिओप्लास्टीनंतर पुष्कळदा अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये दिले जाते. त्यामुळे स्टॅटिनलाही ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ समजले जाते आणि दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी ते उगाचच बंद होते. रक्त पातळ करण्याशी स्टॅटिनचा संबंध नाही. कॅप्सूल बंद करायची झाल्यास स्टॅटिन वेगळे चालू ठेवायचे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

चालणे, तंबाखू सोडणे, वनस्पती तूप व तळणीचे पदार्थ कमी करणे यांना स्टॅटिन हा पर्याय नाही. ही पथ्ये औषधाच्या जोडीने पाळायची असतात. उपचारात सर्वाधिक घात होतो तो रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडून दिल्याने. रिपोर्ट चांगला येतो तो गोळी चालू असल्यामुळे. ती बंद केल्यावर काही आठवड्यांतच एलडीएल पूर्वपदावर येते. म्हणून स्टॅटिन सुरू करण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय केवळ एका आकड्यावरून न घेता, हृदयविकाराची एकूण जोखीम पाहून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.